यंदाचं गणित

चार शिक्षक एका गाडीत बसले की पहिले दहा किलोमीटर महागाई भत्त्यावर जातात आणि उरलेला रस्ता किश्श्यांवर! शहराच्या वेशीवरच्या हर्सूलहून निघालेली आमची गाडी फुलंब्रीला पोचेपर्यंत डीए, फरक, वेतन आयोग सगळं बोलून संपायचं. पुढं सिल्लोड, मग गोळेगाव, आणि अजिंठ्याच्या अलीकडं आमच्या शाळेचं गाव. तोवर करायचं काय? एकमेकांची टिंगल. रस्त्याचं काम तेव्हा चालू होतं, म्हणजे आम्ही असेपर्यंत चालूच होतं, त्यामुळं किश्श्यांना वेळ भरपूर मिळायचा. मी निवृत्त झाले, गाडी सुटली, पण किस्से काही सुटले नाहीत. तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

आधी माणसं सांगते. मी मराठीची, जोशी बाई. शाळा जिल्हा परिषदेची, दहावीपर्यंतची. मुख्याध्यापक गायके सर, अतिशय भला माणूस, पण एकदा भाषण पाठ केलं की ते बदलायचं नाही हा त्यांचा बाणा. खेळाचे पठाण सर, उंचेपुरे, गळ्यात शिट्टी, जिभेवर अर्धी दखनी आणि अर्धी मराठी. शिपाई सांडूमामा. आणि गावातले कौतिकराव, शाळा समितीचे अध्यक्ष. आठवडी बाजाराचा दिवस सोडला तर हे रोज शाळेत हजर. आमच्यापेक्षा त्यांची हजेरी चांगली होती असं पठाण सर म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

*

आमच्या शाळेत सगळं होतं. मैदान होतं, कडुलिंब होते, बोअरला पाणी होतं. फक्त गणिताचा माणूस टिकत नव्हता.

नवीन माणूस यायचा तो शिक्षणसेवक म्हणून. म्हणजे काम पूर्ण शिक्षकाचं, आणि पहिली तीन वर्षं नुसतं मानधन. तेही येईल तेव्हा! भत्ता नाही, घरभाडं नाही. तीन वर्षं तग धरली तर पुढं खरा पगार. आता गणिताचा पदवीधर हिशेबात पक्का असतो. पहिलं मानधन हातात पडलं की तो पहिला हिशेब हाच करतो की हे परवडत नाही. मग तो बँकेत लागतो, तलाठी होतो, नाहीतर शहरात कुठल्यातरी क्लासला शिकवायला जातो. आम्हा मराठीवाल्यांना हा हिशेब यायला वेळ लागतो, म्हणून आम्ही टिकतो.

गावानं यावर आपली सोय काढली होती. गणिताच्या सरांची नावं लक्षात ठेवायचीच नाहीत! काल केलेली ओळख उद्या वाया जाते, कोण एवढी मेहनत करणार? नवा माणूस बसमधून उतरला की कौतिकराव पारावरूनच विचारायचे, "तुम्ही यंदाचं गणित का?"

एक बिचारा नांदेडकडचा मुलगा नव्या शर्टात, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला होता. तो म्हणाला, "माझं नाव..."

"राहू द्या हो," कौतिकराव म्हणाले. "शाळा तिकडंय."

*

त्याच मुलाच्या स्वागताची गोष्ट.

गणिताचे सर जायचे तेव्हा त्यांना शाल-नारळ देऊन निरोप द्यायचा हा गायके सरांचा शिरस्ता. एवढ्या शाली सुट्या घेणं महाग पडायला लागलं, तेव्हा सांडूमामांनी औरंगाबादहून (तेव्हा नाव तेच होतं) शालींचा गठ्ठाच आणून विज्ञानाच्या कपाटात, सूक्ष्मदर्शकाच्या मागं ठेवला होता. सर उभे राहिले की मामा न सांगता कपाट उघडायचे.

गायके सरांच्या मनात आलं, जाताना आपण इतकं करतो, तर येतानाही काही करावं. मुलं व्हरांड्यात बसवली. मामांनी शाल काढली. सर बोलायला उभे राहिले. आणि समोर मुलं, टेबलावर नारळ, शेजारी गणिताचा माणूस! सवयीनं गाडी आपल्या रुळावर गेली.

"आज आपले गणिताचे सर आपल्याला सोडून जात आहेत," गायके सरांनी सुरुवात केली. "मन जड झालं आहे. माणूस जातो, पण त्यानं लिहिलेला फळा मुलांच्या मनातून पुसला जात नाही. जिथं जातील तिथं ते नाव कमावतील. त्यांची उणीव या शाळेला कायम भासेल!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलांना त्यात वावगं काही वाटलंच नाही. तो मुलगा तेवढा शाल पांघरून, तोंड उघडं टाकून आमच्याकडं बघत राहिला.

महिना पुरा व्हायच्या आत तो खरंच गेला. पठाण सर गाडीत मला म्हणाले, "बाई, साब की जबान काली है! माझ्या वाढदिवसाला त्यांना बोलू देऊ नका."

*

मधे गणिताला कुणीच नव्हतं तेव्हा ते तास गायके सरांनी पठाण सरांना दिले.

पठाण सर म्हणाले, "साब, मुझे गणित कायकू? मी कबड्डीचा माणूस."

"कबड्डीत गुण मोजता ना? मग झालं तर," गायके सर म्हणाले.

पठाण सरांनी फळ्याकडं पाठ फिरवली आणि वर्ग सरळ मैदानावर काढला. पाढे कवायतीच्या ठेक्यावर. बे एके बे, उजवा पाय! बे दुणे चार, डावा पाय! सतराच्या पाढ्याला पोरं धापा टाकायची. काटकोन म्हणजे कबड्डीच्या मैदानाचा कोपरा, आणि परीघ म्हणजे मैदानाची एक फेरी. हसू नका, पोरांना ते आवडायचं.

त्यात एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. त्यांनी पुढच्या बाकावरच्या पोराला उभं केलं. "बाळ, वर्तुळाचा परीघ कसा काढतात?"

"पळून, सर."

अधिकारी चष्मा पुसायला लागले. मग दुसऱ्याला विचारलं, "आणि वर्तुळ फार मोठं असलं तर?"

"मंग दम लागतो, सर!"

अधिकारी शेऱ्याच्या वहीत काय लिहून गेले ते गायके सरांनी आम्हाला कधी दाखवलं नाही. पण त्या वर्षी तालुक्याच्या धावण्याच्या शर्यतीत आमची शाळा पहिली आली, आणि दहावीला गणितात निम्मा वर्ग गेला. त्यात मुली जास्त. गणितात गेलेल्या मुलीला आमच्याकडं कुणी पुन्हा बसवत नाही हो. तिला बघायला पाहुणे येतात. हे मात्र हसण्यासारखं नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गाडीतही फारसं कुणी हसलं नाही.

*

मग शीतल आली.

परभणीकडची, एमएस्सी झालेली, अंगानं एवढीशी. सोबत वडील होते, त्यांच्या डोक्यावर गादीची गुंडाळी. पारावरून कौतिकरावांनी नेहमीचं विचारलं, "तुम्ही यंदाचं गणित का?"

शीतल थांबली. म्हणाली, "व्हय. आन् तुम्ही कोण?"

कौतिकरावांना हे कुणी विचारलंच नव्हतं! ते पारावरून उतरले, त्यांनी टोपी सारखी केली आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. तिच्या वडिलांच्या डोक्यावरची गादी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आपल्याच घराची पुढची खोली तिला राहायला दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "आमची कोमल यंदा नववीत हाय. तिचं गणित बघा, बास."

कोमल म्हणजे त्यांची नात. हुशार, पण गणिताचं पुस्तक उघडलं की डोळ्यांत पाणी. शीतलनं तिला काय केलं ते मला सांगता येणार नाही, मी मराठीची. एवढं खरं की दिवाळीपर्यंत ती पोरगी मधल्या सुट्टीत इतर मुलींना समीकरणं समजावून द्यायला लागली. व्हरांड्यात, पायरीवर, हातपंपापाशी, जिथं बघावं तिथं पोरी क्ष आणि य घेऊन बसलेल्या! सांडूमामा म्हणाले, "बाई, झाडायला जागा नाय ठिवली पोरीनं."

*

गाव खुश झालं आणि लगेच घाबरलं. चांगली आहे, म्हणजे जाणार!

कौतिकरावांनी यावर रामबाण उपाय शोधला. मॅडमचं लग्न गावातच लावून टाकायचं! त्यांचा पुतण्या होता, बागायती शेती, घरी ट्रॅक्टर, दिसायला बरा. एका रविवारी त्याला इस्त्रीचे कपडे घालून त्यांनी शीतलच्या दारात आणून उभा केला. मी त्या दिवशी जादा तासाला आले होते म्हणून मला हे बघायला मिळालं.

शीतलनं चहा दिला. मग शिक्षिकेच्या सवयीनं विचारलं, "शिक्षण?"

"दहावी," पुतण्या म्हणाला.

"पास?"

पुतण्यानं काकाकडं बघितलं. काकानं आढ्याकडं.

"एकाच विषयात राह्यलंय," कौतिकराव म्हणाले.

"कोणत्या?"

आता हे सांगायची गरज होती का? शीतल पदराआड हसली. कौतिकराव मात्र मागं हटणारे नव्हते. "मॅडम, त्याला गणित शिकवायला सरकारनं माणूस दिला नाय, त्याचा काय गुन्हा? तुम्ही आता घरातच राहाल. शिकवा की!"

लग्न काही जमलं नाही. पुतण्या मात्र रोज संध्याकाळी वही घेऊन पोरींच्या मागं बसायला लागला आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत गणितात पास झाला. पास झाल्यावर त्याला तालुक्यातली बीए झालेली मुलगी मिळाली. लग्नात कौतिकराव शीतलला म्हणाले, "मॅडम, तुमच्याच हातानं आमचं नुकसान केलं बघा तुम्ही!"

*

आता जरा आमचं ऐका.

नियम असा की शिक्षकानं शाळेच्या गावीच राहायचं. त्याला म्हणायचं मुख्यालयी राहणं. तिथं राहिलात तर घरभाडं भत्ता. आम्ही सगळे शहरातून नाहीतर सिल्लोडहून अप-डाऊन करायचो. पण दरवर्षी ग्रामसभा न चुकता ठराव करायची की आमचे गुरुजन गावातच राहतात. गावाचा आमच्यावर जीव होता, दुसरं काय!

एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब अचानक आले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना उभं करून विचारलं, "मुख्यालयी कोण कोण राहतं? हात वर करा."

सगळे हात वर गेले. गायके सरांचा, माझा, पठाण सरांचा तर सगळ्यात उंच. फक्त शीतलचा हात खाली.

साहेबांचा आवाज चढला. "मॅडम, हे सगळे वयस्कर लोक इथं राहतात आणि तुम्ही तरुण असून राहत नाही?"

"राहते ना सर," शीतल म्हणाली.

"मग हात का नाही वर केला?"

"मला वाटलं, ज्यांना घरभाडं मिळतं त्यांनीच करायचाय. मला मिळत नाही, म्हणून मी इथं राहते. जायचं-यायचं भाडं मला परवडत नाही सर."

पठाण सरांचा हात सावकाश खाली आला आणि त्यांनी त्याच हातानं डोकं खाजवलं. साहेब शहाणे होते, त्यांनी वही मिटून ठेवली. निघताना मात्र पठाण सरांना म्हणाले, "गावातली पिठाची गिरणी कुठल्या बाजूला आहे हो, सर?"

पठाण सर म्हणाले, "साब, आम्ही भाकरी सासरहून आणतो!"

*

शिक्षकदिनाला तालुक्याचे एक पुढारी पाहुणे म्हणून आले. उन्हात मंडप, समोर मुलं, आणि पाहुण्यांचं भाषण रंगलेलं. "शिक्षक हा पैशासाठी राबत नसतो! शिक्षकी पेशा हे व्रत आहे, व्रत!"

शीतलचं मानधन तेव्हा कित्येक महिने आलं नव्हतं. ती माझ्या शेजारी ताठ बसली होती. पाहुणे तिसऱ्यांदा व्रत म्हणाले तेव्हा पठाण सर मागच्या रांगेतून, आपल्या मते हळूच, बोलले, "साब, रोजा भी शाम को खुलता है!"

पठाण सरांचं हळू म्हणजे मैदानावरचं हळू. पहिल्या रांगेपर्यंत पोचलं. पाहुणे थांबले, हसले, आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि पुन्हा व्रतावर आले!

*

सरकारचं मानधन येत नव्हतं तेव्हा गावानं आपलं सुरू केलं.

सोमवारी शीतल खोलीचं दार उघडायची तर उंबऱ्यात वांगी, कोथिंबीर, भुईमुगाच्या शेंगा, तांब्याभर ताक. कुणी ठेवलं, पत्ता नाही. तिला एकटीला एवढं संपायचं नाही, मग ती स्टाफरूममध्ये वाटायची. आम्ही पूर्ण पगारवाले बिनदिक्कत खायचो.

गायके सर नियमाचे पक्के. त्यांनी कौतिकरावांना बोलावून समजावलं, "शिक्षकानं पालकांकडून काही घेणं बरं दिसत नाही."

कौतिकराव तिथल्या तिथं उखडले. "म्हंजी सरकार देत नाय, आन् आम्ही दिलं तर तुम्ही घिऊ देत नाय! पोरीनं खावं काय मंग, खडू?"

तेवढ्यात सांडूमामा आत आले आणि विचारलं, "सर, तुमच्या डब्याच्या पिशवीत वांगी घातली. शेंगा पण घालू का?"

*

मानधनाचा विषय कौतिकरावांनी मग मनावरच घेतला. त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि एकमतानं ठराव केला: आमच्या गणिताच्या मॅडमला आजपासून पूर्ण पगार देण्यात यावा. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे.

ठराव घेऊन ते, गायके सर आणि मी जिल्हा परिषदेत गेलो. कौतिकरावांनी नवीन धोतर नेसलं होतं. तिथल्या कारकुनानं कागद वाचला, उलटा करून पाहिला आणि हसायला लागला. "काका, पगार ग्रामसभा ठरवत नसते. हा ठराव चालत नाही."

"का नाय चालत?"

"अहो, ग्रामसभेला तसा अधिकार नाही."

कौतिकराव खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "असं कसं? दरसाली आम्ही ठराव करतो की हे समदे मास्तर गावात राहतात. तो खोटा ठराव तुम्ही घेता. आन् हा खरा हाय, तर चालत नाय?"

गायके सरांनी घाईघाईनं त्यांचा दंड धरला. मी जिन्यापर्यंत पोचले होते. मागून कौतिकरावांचा आवाज येतच होता, "बाईला विचारा! बाई, कुठं चालल्या? सांगा की ह्यान्ला, तुम्ही कुठं राहता ते!"

*

शेवटी व्हायचं तेच झालं. शीतलच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. धाकटा भाऊ शिकत होता. शहरात औरंगपुऱ्यातल्या एका क्लासच्या मालकाच्या कानावर तिचं नाव गेलं होतं, आणि तो जे देऊ करत होता त्यापुढं आमचं मानधन म्हणजे चेष्टाच. तिनं मला विचारलं, "बाई, तुम्ही माझ्या जागी असता तर?" मी काय सांगणार? जा म्हणाले. घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही. दहावीचं वर्ष होतं, कोमलचा वर्ग होता.

मालक तिच्याशी बोलायला स्वतः गावात आला, पांढरीशुभ्र गाडी घेऊन. गावात फोनला रेंज नव्हती. त्यानं पारावर विचारलं, "गणिताच्या मॅडम कुठं राहतात?"

पारावर कौतिकराव होते. "मॅडम व्हय? त्या लेणीला गेल्या. फर्दापूरला जा, तिथून बस असती वर."

मालक घाट उतरून फर्दापूरला गेला. तिथं दुकानवाल्यांनी त्याला घेरून रंगीत दगड विकले. वर जाऊन त्यानं तिकीट काढलं, सगळी लेणी हिंडला, मॅडम नाहीत. परत आला तर पारावर दुसरेच गृहस्थ. ते म्हणाले, "अरेरे, चुकामूक झाली. त्या आत्ताच धबधब्याच्या बाजूला गेल्या." तो पुन्हा गेला! संध्याकाळी शाळा सुटता सुटता तो आला तेव्हा नाक लाल झालेलं, बुटांत खडे, आणि दोन्ही हातांत स्फटिकाच्या पिशव्या. शीतल फाटकातच उभी होती.

"सर, तुम्ही कुठं होता दिवसभर?" तिनं विचारलं.

मालक पायरीवर बसला आणि म्हणाला, "लेणी खरंच बघण्यासारखी आहे."

पण त्यानं माणूस सोडला नाही. शीतलनं दिवाळीनंतर क्लासला रुजू व्हायचं ठरलं.

*

निरोपाच्या दिवशी व्हरांड्यात मुलं बसली. टेबलावर नारळ. सांडूमामांनी कपाट उघडलं आणि शाल काढून तिथंच उभे राहिले, पुढं येईनात. गायके सर बोलायला उठले.

"आज आपल्या गणिताच्या मॅडम आपल्याला सोडून जात आहेत. मन जड झालं आहे..."

एवढं म्हणाले आणि थांबले. इतक्या वर्षांचं पाठ भाषण, पण त्या दिवशी मन खरंच जड झालं होतं, आणि पुढचा शब्द येईना. त्यांनी चष्मा काढला. रुमाल शोधला. सापडला नाही.

तेव्हा दहावीच्या रांगेतून कोमल उठली. पोरीनं अगदी सरांच्याच चालीत पुढं सुरू केलं, "माणूस जातो, पण त्यानं लिहिलेला फळा मुलांच्या मनातून पुसला जात नाही." तिच्या मागून सगळा वर्ग एका सुरात, "जिथं जातील तिथं ते नाव कमावतील! त्यांची उणीव या शाळेला कायम भासेल!"

शीतलला हसावं की रडावं कळेना. तिनं विचारलं, "अगं, हे इतकं पाठ कसं काय तुमचं?"

"मॅडम," कोमल म्हणाली, "गणिताच्या तासाला सर असायचे नाय. पण निरोपाचा तास कधी बुडला नाय."

गायके सरांनी ते भाषण त्यानंतर पुन्हा केलं नाही.

*

पुढं शिक्षणसेवकांचं मानधन वाढलं. चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण हे त्याच्या आधीचं.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. सकाळीच मला कौतिकरावांचा फोन. "बाई, आम्ही हर्सूलपाशी आलोत. त्या क्लासचा पत्ता सांगा." आवाजामागं भलताच गलका. मी म्हटलं, तिथंच थांबा, मी येते.

बघते तर पुतण्यानं चालवलेली जीप, आणि तीत दाटीवाटीनं बसलेल्या दहावीच्या पोरी. अंगात शाळेचे गणवेश, मांडीवर दप्तरं, भाकरीची फडकी. पहाटे निघाल्या होत्या. रस्त्यानं केस लाल मातीनं भरलेले. त्यांच्यात पुढं पठाण सर, गळ्यात शिट्टी. म्हणाले, "बाई, मी नुसता मोजायला आलोय, एखादी सांडली तर!"

औरंगपुऱ्यातला क्लास दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात मालक उभा. एवढी वरात बघून तो आधी खुश झाला, मग त्यानं कौतिकरावांना ओळखलं.

"यांचा प्रवेश झालेला नाही काका," तो म्हणाला. "इथं फी असते."

कौतिकरावांनी शांतपणे चपला काढून बाजूला ठेवल्या. "तुम्ही आमच्याकडं दिवसभर लेणी पाह्यली. दोनदा पाह्यली. आम्ही कुणी तुमाला फी मागितली का?"

मालकानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. तो बाजूला झाला.

आत शीतल फळ्यावर लिहीत होती, पाठ आमच्याकडं. बाकांवर शहरातली पोरं. आमच्या पोरी आवाज न करता आत शिरल्या, बाकं भरलेली होती म्हणून पुढं जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि वह्या उघडल्या. शीतल वळली. तिच्या हातातला खडू खाली पडला.

"अगं, तुम्ही? इतक्या लांबून? इथं कशा?"

कोमलनं ओढणीनं तोंडावरची धूळ पुसली, उभी राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं मास्तर लोक अप-डाऊन करायचे ना मॅडम. आता आमची पाळी."